परदेशातून येणारी ई-सिगारेट : कायदा काय सांगतो?

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक नवी वस्तू गुपचूप येऊन बसली आहे. दिसायला ती लेखणीसारखी, कधी संगणकाला लावायच्या छोट्या पट्टीसारखी. तिला तंबाखूचा उग्र दर्प नाही. उलट आंबा, कलिंगड, पुदिना असा वास येतो. घरातील आजी-आजोबांना ते मुलांचे खेळणे वाटते आणि मुलेही तसेच सांगतात. हीच ई-सिगारेट, तरुणांच्या भाषेत ‘व्हेप’.

तिच्यामुळे प्रकृतीस होणाऱ्या अपायाबद्दल डॉक्टर मंडळी अधिकारवाणीने सांगू शकतील. आम्ही प्रस्तुत लेखात दुसऱ्याच एका अंगाचा विचार करणार आहोत. ही वस्तू आता कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत घेतली जाते त्याप्रमाणेच इंटरनेटवरून, आणि पुष्कळदा दुसऱ्या देशातून, मागविली जाते. आम्ही शिक्षकी पेशात असल्यामुळे पालक आम्हांला याविषयी दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला : “मुलाने परदेशी संकेतस्थळावरून हे मागविले तर त्यात बेकायदा काही आहे का? तेथे तर उघड विकतात.” दुसरा : “मुंबईचा भाचा म्हणतो, मामा, येताना एक घेऊन या. नेली तर चालेल का?”

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. जेथे वस्तू विकली जाते तेथे ती कायदेशीर असली म्हणजे सर्वत्र कायदेशीर, ही ती समजूत होय. ती चुकीची आहे, आणि तिच्यापायी चांगल्या घरातील माणूस नकळत गुन्हेगार ठरू शकतो. ते कसे, हे वाचकांच्या नजरेस आणून द्यावे एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

वस्तू लहान, प्रवास मोठा

ई-सिगारेटमध्ये एक बॅटरी, एक तापणारी तार आणि थोडा द्रव असतो. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटिन असते. तार तापली की द्रवाची वाफ होते व ती ओढली जाते. येथे पान जळत नाही, धूर निघत नाही, राख पडत नाही. त्यामुळे तंबाखूचे पान डोळ्यांसमोर ठेवून केलेले जुने कायदे या वस्तूला नीट लागू पडेनात. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ साली तिला आजचे रूप दिले असे मानतात. आज तिचे उत्पादन मुख्यतः चीनमधील शेन्झेन शहराच्या परिसरात होते.

वस्तू वजनाने काही ग्रॅमांची आणि साध्या पाकिटात मावणारी. संकेतस्थळ एका देशातले, कंपनी दुसऱ्या देशात नोंदलेली, माल तिसऱ्या देशातील गुदामात आणि गिऱ्हाईक चौथ्या देशात, अशी स्थिती सहज उद्भवते. मग कायदा कोणाचा?

याचे थोडक्यात उत्तर असे : माल जेथे पोहोचतो तेथील कायदा टाळता येत नाही. विक्रेत्याला स्वतःच्या देशाचे नियम पाळावे लागतातच. परंतु गिऱ्हाइकाच्या देशाचे नियमही त्याच्या मानगुटीवर असतात. आणि विक्रेता हाती लागण्यासारखा नसेल, तर जकात अधिकाऱ्यासमोर उरतो तो पार्सलावर ज्याचे नाव लिहिले आहे तो माणूस. आपण स्वतःला ‘गिऱ्हाईक’ समजतो. कायद्याच्या दृष्टीने आपण ‘आयातदार’ झालेले असतो.

येथे खुद्द चीनचे उदाहरण बोलके आहे. जगाला ई-सिगारेट पुरविणाऱ्या त्या देशाने ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस स्वतःच्या हद्दीतील ऑनलाइन विक्री बंद करण्याचे फर्मान काढले. १ ऑक्टोबर २०२२ पासून तंबाखूखेरीज अन्य स्वादांच्या ई-सिगारेटी तेथील बाजारातून उठविण्यात आल्या. निर्यातीच्या मालाला मात्र हा स्वादांचा निर्बंध नाही. तो ज्या देशात जाईल तेथील नियमांनुसार असावा एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे माल बनविणारा देश आपल्या मुलांच्या हाती जे ऑनलाइन पडू देत नाही, ते इतरांच्या मुलांच्या हाती पडू नये याची काळजी त्या त्या देशानेच घ्यावयाची आहे.

युरोपचा मार्ग : दोन्ही दारांवर नोंदणी

या प्रश्नाचा सर्वांत तपशीलवार विचार युरोपीय संघाने केला आहे. ३ एप्रिल २०१४ रोजी संमत झालेला आणि २० मे २०१६ पासून अमलात आलेला त्यांचा तंबाखूविषयक निर्देश ई-सिगारेटलाही आपल्या कक्षेत घेतो. त्यातील विसाव्या कलमानुसार निकोटिनचे प्रमाण एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. सुट्या द्रवाची बाटली १० मिलिलिटरहून मोठी नको. उपकरणातील टाकी २ मिलिलिटरहून मोठी नको. झाकण लहान मुलाला उघडता येणार नाही असे हवे. माल बाजारात आणण्यापूर्वी सहा महिने आधी सरकारला सूचना द्यावयाची, आणि वेष्टनावर निकोटिनच्या व्यसनाचा इशारा छापावयाचा.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते अठरावे कलम. एका देशातून दुसऱ्या देशातील गिऱ्हाइकाला दूरस्थ विक्री करण्यासंबंधी ते आहे. त्याप्रमाणे प्रत्येक सदस्य राष्ट्राला अशी विक्री सर्वस्वी बंद करण्याचा अधिकार आहे. ज्या राष्ट्राने ती बंद केली असेल तेथील गिऱ्हाइकाला अन्य राष्ट्रातील दुकानदाराने माल पाठविता कामा नये. जेथे विक्रीस मुभा आहे तेथे दुकानदाराने दोन ठिकाणी नोंदणी केली पाहिजे : आपल्या देशात, आणि गिऱ्हाईक ज्या देशात आहे तेथेही. संघाबाहेरच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या देशात नोंदणी करावी लागते. नाव, पत्ता, विक्री सुरू होण्याची तारीख व संकेतस्थळाचा पत्ता द्यावयाचा, आणि नोंदणी झाल्याचे उत्तर हाती आल्यावरच विक्रीस प्रारंभ करावयाचा. शिवाय गिऱ्हाइकाचे वय पडताळून पाहण्याची व्यवस्था दुकानदाराकडे असलीच पाहिजे.

हे नियम व्यापाऱ्यांनी निमूटपणे मान्य केले असे नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. ४ मे २०१६ रोजी न्यायालयाने दोन वेगवेगळ्या खटल्यांत निकाल दिला. एकात ई-सिगारेटविषयीचे विसावे कलम वैध ठरले. दुसऱ्यात, तंबाखूच्या एका मोठ्या कंपनीने आव्हान दिलेले दूरस्थ विक्रीचे अठरावे कलमही वैध ठरले. नियमांत न बसणारा माल टपालाने आत येऊ लागला आणि अल्पवयीन मुलांना तो सहज मिळू लागला, तर बाकीच्या सर्व नियमांना अर्थच उरणार नाही, हा या कलमामागचा विचार आहे.

एवढे असूनही सर्व युरोपात एकच कायदा आहे असे समजू नये. नेदरलँड्सने १ जुलै २०२३ पासून ई-सिगारेटची ऑनलाइन विक्रीच बंद केली. बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या ई-सिगारेटींवर बंदी घातली. फ्रान्सनेही त्याच वर्षी तीच वाट धरली. युरोपीय संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून अशा एकवापरी ई-सिगारेटी दुकानांत किंवा ऑनलाइन, कोठेही विकता येत नाहीत. तेव्हा लंडनच्या नातलगाने पूर्वी पाठविलेली वस्तू आजही तेथून मिळेल असे नाही.

अमेरिका : टपालपेटी बंद

अमेरिकेने निराळे तंत्र अवलंबिले. तेथे सिगारेटच्या चोरट्या विक्रीविरुद्ध २०१० साली एक कायदा झाला होता. डिसेंबर २०२० मध्ये तो ई-सिगारेटलाही लागू करण्यात आला. ‘ई-सिगारेट’ची व्याख्या इतकी व्यापक केली की निकोटिन नसलेला द्रव आणि उपकरणाचे सुटे भागही तिच्यात येतात. “यात निकोटिन नाही, नुसता स्वाद आहे,” ही सबब तेथे चालत नाही.

दूरस्थ विक्री करणाऱ्याला केंद्र सरकारच्या खात्याकडे आणि ज्या ज्या राज्यात माल जातो त्या राज्याच्या करखात्याकडे नोंद करावी लागते. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत राज्याला विक्रीचा हिशेब द्यावा लागतो. गिऱ्हाइकाचे वय अधिकृत माहितीवरून ताडून पाहावे लागते, आणि पार्सल घरी पोहोचेल तेव्हा प्रौढ व्यक्तीने ओळखपत्र दाखवून सही करावी लागते. तेथे विक्रीसाठी किमान वय डिसेंबर २०१९ पासून २१ वर्षे आहे.

याखेरीज ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेच्या सरकारी टपालाने ई-सिगारेट पाठविण्यास बंदी आहे. काही मर्यादित अपवाद आहेत. पण परदेशातून टपालाने येणारे पार्सल त्या अपवादांत बसत नाही. त्यातही माल तेथील अन्न व औषध प्रशासनाने विक्रीस मंजूर केलेला हवा, आणि अशी मंजुरी मोजक्याच उत्पादनांना मिळाली आहे. फळांच्या स्वादाची जी रंगीबेरंगी उपकरणे संकेतस्थळांवर दिसतात, त्यांपैकी बहुतेकांना ती मिळालेली नाही.

येथे, इस्रायलमध्ये

आपल्या देशाने या प्रश्नाचा अनुभव २०१८ साली घेतला. ‘ज्यूल’ नावाची अमेरिकी ई-सिगारेट त्या वर्षी येथे विक्रीस आली. तिच्यातील निकोटिन एका मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम होते, म्हणजे युरोपच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. अमेरिकेत ती उघडपणे विकली जात होती. तथापि ऑगस्ट २०१८ मध्ये आरोग्य मंत्रालयाने २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटिन असलेल्या या उत्पादनाची आयात व विक्री बंद केली. त्या वेळी आरोग्य खाते पंतप्रधान बिन्यामिन नेतान्याहू यांच्याचकडे होते आणि आदेशावर सही त्यांची होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर क्नेसेटने नवा कायदा संमत केला. त्यान्वये जाहिरातीवरील निर्बंध, दुकानात माल मांडण्यावरील बंदी आणि साधे, आकर्षणहीन वेष्टन हे नियम सिगारेटप्रमाणे ई-सिगारेटलाही लागू झाले. अठरा वर्षांखालील मुलाला ती विकणे येथे गुन्हा आहे.

यातून पालकांनी घेण्यासारखा बोध असा की, परदेशी संकेतस्थळावर मिळणारा माल येथील मर्यादेत बसतोच असे नाही. द्रवातील निकोटिन ‘५ टक्के’ असे लिहिलेले दिसले की तो ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे असे समजावे. २० मिलिग्रॅम म्हणजे २ टक्के. हा साधा हिशेब घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

भारत : संपूर्ण बंदी

आता मुंबईच्या भाच्याकडे वळू. येथे बारकाईने वाचावे अशी वाचकांस विनंती आहे. कारण आपल्यापैकी बहुतेकांचे नातेसंबंध अजून मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग या ठिकाणी आहेत, आणि लग्नकार्यासाठी जाणे-येणेही चालूच असते.

भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने तिचे कायद्यात रूपांतर केले. बंदी कशाकशावर आहे ते पाहा : उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात. संपूर्ण उपकरणावरच नव्हे, तर त्याच्या कोणत्याही भागावर. निकोटिन असो वा नसो. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता नुसती तापविणारी उपकरणेही तिच्यात आली.

व्याख्या पाहिल्या म्हणजे कायदा करणाऱ्यांनी पळवाटा किती काळजीपूर्वक बुजविल्या आहेत हे कळते. ‘विक्री’ या शब्दात ऑनलाइन हस्तांतरण स्पष्टपणे समाविष्ट आहे. विकण्याची तयारी दर्शविणे हेदेखील विक्रीच. ‘आयात’ म्हणजे भारताबाहेरून भारतात आणणे; ते जहाजाने, टपालाने की हातातल्या पिशवीतून, असा भेद नाही. ‘वितरण’ या शब्दात फुकट दिलेले नमुनेही येतात. तेव्हा “आम्ही विकत नव्हतो, सहज भेट म्हणून नेली,” या बचावावर कोणी विसंबून राहू नये. आयातीचा गुन्हा घडण्यासाठी पैशाची देवघेव व्हावी लागत नाही.

शिक्षा पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड. साठा करून ठेवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फौजदार दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यालाही झडती घेण्याचा व माल जप्त करण्याचा अधिकार आहे. नुसते ओढण्याबद्दल शिक्षेचे वेगळे कलम या कायद्यात नाही, हे खरे. पण ई-सिगारेट कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणे हा कायद्याचा भंग होय, अशी भूमिका भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०२३ साली जाहीर केली. त्याच वर्षी ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना नोटिसाही धाडण्यात आल्या.

भारताने बंदी घातली म्हणून तेथे ही वस्तू मिळत नाही असे नव्हे. चोरवाटेने ती मिळते, हे तेथील वृत्तपत्रे वाचणाऱ्यास ठाऊक आहे. पण पानपट्टीवर छुपेपणाने मिळते म्हणून परदेशाहून येणाऱ्या पाहुण्याने ती नेण्यास हरकत नाही, असा निष्कर्ष काढणे शहाणपणाचे ठरणार नाही. विमानतळावर सापडणारा पाहुणा असतो, पानपट्टीवाला नव्हे.

एकच पिशवी, तीन कायदे

तेल अवीवहून दुबईमार्गे मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाची कल्पना करावी. त्याच्या पिशवीत एक ई-सिगारेट आहे. इस्रायलमध्ये ती त्याने रीतसर विकत घेतली. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बॅटरीमुळे ती सोडलेल्या सामानात ठेवता येत नाही, हातातच ठेवावी लागते. तेही त्याने केले. दुबईत उतरल्यावर तेथील दुकानात तशीच वस्तू उघड विकली जाताना त्याला दिसेल, कारण संयुक्त अरब अमिरातीने २०१९ पासून ठराविक मानकांनुसार तिच्या विक्रीस परवानगी दिली आहे. तेथून आणखी दोन घेण्याचा मोह होईल. आणि मुंबईस पाय ठेवताच तीच पिशवी बंदी असलेल्या मालाची ठरेल. एका दिवसाच्या प्रवासात वस्तू बदलली नाही, माणूस बदलला नाही. बदलला तो कायदा.

आपल्या समाजातील काही कुटुंबे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्यांसाठीही एक शब्द. तेथे ई-सिगारेट ही औषधासारखी मानली जाते आणि फक्त औषधाच्या दुकानात मिळते. परदेशी संकेतस्थळावरून स्वतःसाठी मागविण्याची पूर्वीची सवलत १ मार्च २०२४ पासून बंद झाली. प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरती मर्यादित संख्येत नेता येते, दुसऱ्यासाठी नाही.

पालकांनी काय पाहावे?

संकेतस्थळावर “आपले वय अठरा आहे काय?” असा प्रश्न येतो आणि ‘होय’ असे बटण दाबले की दार उघडते. वर्गात बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला हे बटण दाबण्यास किती वेळ लागतो, हे आम्ही शिक्षक जाणतो. जो विक्रेता एवढ्यावरच समाधान मानतो, त्याने आपल्या देशाच्या नियमांची फिकीर केलेली नाही असे खुशाल समजावे. खऱ्या पडताळणीत ओळखपत्र मागितले जाते आणि माल देताना सही घेतली जाते.

आणखी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता नसणे. निकोटिनचे प्रमाण लिहिलेले नसणे किंवा मर्यादेबाहेर असणे. पार्सलावर ‘भेटवस्तू’ किंवा ‘विजेचे उपकरण’ असे लिहून पाठवू, असे आश्वासन देणे. ही तिसरी खूण सर्वांत घातक. कारण खोटे वर्णन करून माल आणला की साध्या आयातीवर जकातीच्या फसवणुकीचा आरोपही चढतो, आणि पार्सलावर नाव असते ते पुष्कळदा आईचे किंवा वडिलांचे, कारण पैसे त्यांच्या कार्डावरून गेलेले असतात.

तेव्हा घरी काय मागविले जात आहे याची चौकशी करण्यास संकोच करू नये. ज्या देशात माल जाणार आहे तेथील नियम आधी पाहावेत, विकणाऱ्याचे नव्हे. कायदे दर वर्षी बदलत आहेत. म्हणून मागच्या खेपेस चालले ते या खेपेस चालेल असे धरून चालू नये. आणि मुंबईचा भाचा मागणी करील तेव्हा त्याला प्रेमाने, पण स्पष्ट शब्दांत नकार द्यावा. त्याच्यासाठी खजूर न्यावेत, सुकामेवा न्यावा, एखादे चांगले पुस्तक न्यावे. मामावर त्याने रुसावे हे चालेल. मामाला विमानतळावरच्या चौकीत बसावे लागू नये.